ग्रिनेल आणि आपल्या बाई

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, आणि त्यात शाळेनंतरच्या शिक्षणाविषयीही लिहावे, असे समितीचे पत्र आले. शाळेच्या आठवणी सांगणारे माझ्याहून जुने आणि जाणते विद्यार्थी पुष्कळ आहेत. प्रार्थना, मोठी सुट्टी आणि पाण्याच्या टाकीमागची चिंच त्यांच्या लेखांतून येईलच. मी मात्र शाळा सुटल्यावर ज्या महाविद्यालयात चार वर्षे शिकलो त्याविषयी लिहिणार आहे, कारण ते मला आपल्या विज्ञानाच्या बाईंनी शोधून दिले आणि त्याची खरी किंमत माझ्याआधी त्यांनाच कळली होती. ‘बाई’ म्हटल्यावर आमच्या पिढीला दुसरे कोणी आठवत नाही, तेव्हा नाव लिहीत नाही. छापलेले त्यांना आवडणारही नाही.

महाविद्यालयाचे नाव ग्रिनेल. अमेरिकेच्या मध्यभागी मका आणि सोयाबीन पिकवणारे आयोवा नावाचे राज्य आहे, त्याच्या डे मॉइन या राजधानीपासून पूर्वेला साधारण ९० किलोमीटरवर, साधारण ९,५०० वस्तीच्या ग्रिनेल याच नावाच्या गावात ते आहे. विद्यार्थी आजही १,७०० च्या आसपासच असतात आणि आमच्या वेळी त्याहून कमी होते. पुण्यात कोणी विचारले आणि मी नाव सांगितले की समोरचा हमखास ‘कॉर्नेल? वा!’ म्हणतो, आणि मी दुरुस्ती केली की त्याच्या चेहऱ्यावरचा आदर हळूहळू उतरत जातो. अमेरिकेतही फारसे वेगळे घडत नाही. तिथले लोक आयोवालाच ओहायो किंवा आयडाहो समजतात. गंमत अशी की आयोवातही एक कॉर्नेल कॉलेज आहे, तेही असेच लहान आणि अपरिचित, आणि न्यूयॉर्क राज्यातले प्रसिद्ध कॉर्नेल विद्यापीठ १८६५ मध्ये निघाले त्याच्या बारा वर्षे आधीचे. एवढे समजावून सांगेपर्यंत मात्र विचारणारा दुसऱ्या विषयाकडे वळलेला असतो.

मी बारावीला होतो तेव्हा बाई दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे दादरला गेल्या आणि न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयात बसून अमेरिकेतल्या महाविद्यालयांची निर्देशिका त्यांनी चाळली. तशी त्यांना कोणी सूचना केली नव्हती. हार्वर्ड, एमआयटी ही नावे त्यांनी वगळली, कारण त्यांच्याविषयी मला कोणीही सांगितले असते. ज्या संस्थांत पदवीपलीकडचे वर्ग जवळजवळ नाहीत, म्हणजेच जिथले प्राध्यापक पदवीच्या मुलांनाच शिकवायला बांधलेले आहेत, अशा काही संस्थांची नावे त्यांनी वहीत उतरवून आणली. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याचे काम पुष्कळदा संशोधक विद्यार्थ्यांवर सोडलेले असते, हे त्यांना त्या पुस्तकाच्या बारीक अक्षरांतून समजले होते.

मी पत्रे टाकली. ग्रिनेलची अभ्यासक्रम-पुस्तिका जाड पाकिटातून आली तेव्हा ती घरी कोणी धड पाहिलीही नाही, बाईंनी मात्र ती मागून नेली आणि पुढच्या आठवड्यात पेन्सिलच्या खुणांनी भरून परत आणली. शुल्काच्या पानावर एकही खूण नव्हती. भौतिकशास्त्र विभागाच्या पानावर त्यांनी प्राध्यापक मोजले होते, प्रत्येकाने पीएच.डी. कोठून केली ते अधोरेखित केले होते, कोणता विषय दरवर्षी शिकवतात आणि कोणता एक वर्षाआड याची बाजूला नोंद केली होती. आणि समासात लिहिले होते, ‘प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी? विचारून घे.’ मी संकोचाने म्हणालो, ‘बाई, प्रवेश मागताना असले कसे विचारायचे?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग काय, वसतिगृहात चहा मिळतो का ते विचारणार आहेस?’ हा प्रश्न त्यांना का महत्त्वाचा वाटे ते आमच्या वेळच्या मुलांना वेगळे सांगायला नको. आपली प्रयोगशाळा शाळेबरोबर साडेपाचला बंद व्हायची, पण किल्ली बाईंकडे असायची. ज्याला काही करून पाहायचे असेल त्याने थांबावे, आणि बाईंनी मागच्या बाकावर वह्या तपासत बसावे, असा क्रम होता. शिपाईमामा दारात कुरकुरत उभे असत. मी तो प्रश्न इंग्रजीत जमेल तसा लिहून पाठवला. उत्तर आले ते प्रवेश कार्यालयाकडून नव्हे, भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडून: प्रयोग चालू असलेल्या विद्यार्थ्याला किल्ली दिली जाते. बाईंनी ते पत्र दोनदा वाचले आणि माझ्यापुरता निर्णय त्यांनी तिथेच करून टाकला.

असल्या महाविद्यालयाला तिथे ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणतात, म्हणजे विज्ञानासह सगळे विषय शिकवणारे. नातेवाइकांना मात्र ते ‘आर्ट्स कॉलेज’ आहे एवढेच समजले होते. सायन्सला इतके गुण मिळवून पोरगा परदेशी आर्ट्सला चालला आणि पुण्यातली अभियांत्रिकीची हातात आलेली जागा सोडतो आहे, याचा घरी बराच कालवा झाला. बाई वडिलांना येऊन भेटल्या. महाविद्यालय शिष्यवृत्ती देत होते, म्हणून गोष्ट तडीस गेली. ती नसती तर बाईंचेही काही चालले नसते, हे मान्य केले पाहिजे.

तिथे गेल्यावर जे पाहिले ते त्या अभ्यासक्रम-पुस्तिकेहूनही विलक्षण होते. चार वर्षांत सर्वांना सक्तीचा असा एकच अभ्यासक्रम, पहिल्या सत्रातील ट्युटोरिअल. बाकी काय शिकायचे ते विद्यार्थ्याने प्राध्यापकाशी बोलून ठरवायचे, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुख्य विषय निवडायचा. ट्युटोरिअलमध्ये बारा-चौदा मुले असतात, विषय प्रत्येक प्राध्यापक आपल्या आवडीचा निवडतो, आणि खरा हेतू वाचणे, लिहिणे व बोलणे शिकवण्याचा असतो. तोच प्राध्यापक मुख्य विषय ठरेपर्यंत त्या मुलांचा सल्लागार राहतो. मला लाभलेल्या प्राध्यापिका इतिहासाच्या होत्या. माझा पहिला निबंध लाल शाईच्या एकाही खुणेविना परत आला, त्याऐवजी दोन पाने टंकलिखित प्रश्न जोडलेले होते आणि शेवटी भेटीची वेळ दिलेली होती. त्या तासाभरात त्यांनी मला एकही उत्तर सांगितले नाही. भौतिकशास्त्र घेऊनही मी ग्रीक नाटके वाचली, वाद्यवृंदात बसून चुकत-माकत तबला वाजवला, अर्थशास्त्राच्या वर्गात आयोवाच्या मक्याच्या भावावर वाद घातला, आणि महाविद्यालयाच्या आवारातूनच जाणारा रेल्वेमार्ग मालगाडीने दणाणला की सगळ्यांबरोबर बोलणे थांबवायलाही शिकलो. थंडीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाई. वसतिगृहांना जोडणाऱ्या छपराच्या वाटेने गेले तरी कान बधिर होत.

त्या भौतिकशास्त्र विभागाचा एक इतिहास आहे, आणि मी तो पहिल्याच वर्षी बाईंना पत्राने कळवला. १९४८ मध्ये अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेने ट्रान्झिस्टरचा, म्हणजे विद्युतप्रवाह वाढवणाऱ्या किंवा चालू-बंद करणाऱ्या चिमुकल्या भागाचा, शोध जाहीर केला तेव्हा ग्रिनेलमध्ये ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती, आणि बेल प्रयोगशाळेचे प्रमुख ऑलिव्हर बकली हे ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी. गेल यांनी पत्रे लिहून ट्रान्झिस्टर मागवले, त्यांच्यावरील लेख मिळवले आणि जगातल्या फार थोड्या वर्गांत जो विषय तेव्हा शिकवला जात होता तो मक्याच्या शेतांमधल्या त्या गावात शिकवायला घेतला. वर्गात रॉबर्ट नॉइस नावाचा एक मुलगा होता. त्याने त्याआधी मित्रांच्या मेजवानीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचे डुक्कर पळवले होते. आयोवात हा गंभीर गुन्हा, पण गेल यांनी त्याची बाजू घेतली म्हणून एका सत्राच्या निलंबनावर भागले. १९४९ मध्ये तो पदवीधर झाला, दहा वर्षांनी त्याने सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अख्खे परिपथ बसवण्याची पद्धत काढली, आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्यासह संगणकाच्या चिप बनवणारी इंटेल कंपनी स्थापन केली. तो तेव्हा महाविद्यालयाच्या विश्वस्त मंडळावर होता. महाविद्यालयाने कंपनीत सुरुवातीलाच पैसे गुंतवले, आणि आज ग्रिनेलची जी भक्कम गंगाजळी आहे तिचा मोठा पाया तिथे घातला गेला.

मला वाटले होते की बाईंना डुकराची गोष्ट आवडेल. त्यांचे उत्तर आले त्यात नॉइसचा उल्लेखही नव्हता. गेल सर अजून हयात आहेत का, आणि ट्रान्झिस्टर मागवताना त्यांनी पत्रात नेमके काय लिहिले होते, एवढेच त्यांनी विचारले होते. स्वतः बाई दरवर्षी तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे आणि पुण्याच्या कंपन्यांकडे निकामी भाग मागणारी पत्रे लिहीत आणि बहुतेकांकडून उत्तर येत नसे, हे मला तेव्हा आठवले. गेल सर निवृत्त होते, पण विभागात सर्वांना परिचित होते. मी बाईंचा प्रश्न माझ्या प्राध्यापकांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, तुझ्या बाईंना कळव की ओळख असणाऱ्या माणसाला आधी पत्र लिहावे.

आपण नगर जिल्ह्यातले लोक, तेव्हा आणखी एक धागा नोंदवावासा वाटतो. ग्रिनेलची स्थापना १८४६ मध्ये ‘आयोवा कॉलेज’ या नावाने झाली आणि तिच्यामागे मॅसॅच्युसेट्समधील ॲन्डोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले तरुण धर्मोपदेशक होते. त्याच ॲन्डोव्हरला शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. या मिशनच्या सिंथिया फॅरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती आणि त्यानंतर पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊकच आहे. एकाच प्रवाहातून आयोवाच्या माळावर एक महाविद्यालय आणि नगरला एक शाळा निघाली. ग्रिनेलच्या इमारती १८८२ च्या जूनमध्ये चक्री वादळाने जमीनदोस्त केल्या आणि ते पुन्हा उभे राहिले, त्यामुळे आज तिथे जुने म्हणून जे दाखवतात ते बहुतेक त्यानंतरचे आहे.

पुढे मी मोठ्या विद्यापीठात पीएच.डी. केली आणि सध्या पुण्यात संवेदक बनवणाऱ्या कंपनीत संशोधन विभाग सांभाळतो. नावावर काही पेटंटेही आहेत. लोक विचारतात ते पीएच.डी.च्या विद्यापीठाविषयी. तिथे मात्र मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणारा तोच संशोधक विद्यार्थी होतो ज्याच्यापासून बाईंनी मला वाचवले होते, आणि माझ्या प्रयोगशाळेच्या तासाला बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांची नावे मला सत्राअखेर येत होती. अमेरिकेत विद्यार्थीसंख्येच्या प्रमाणात पीएच.डी.पर्यंत जाणारे पदवीधर घडवणाऱ्या संस्थांत ग्रिनेलसारखी लहान महाविद्यालये बरीच वर आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळले आणि मुळीच नवल वाटले नाही.

अशी महाविद्यालये आता तिथेही टिकणे कठीण झाले आहे. आयोवातलेच १८४२ चे आयोवा वेस्लियन विद्यापीठ २०२३ मध्ये बंद पडले. ग्रिनेलजवळ पैसा आहे म्हणून ते निर्धास्त आहे. ज्यांच्या वर्गात एखादा नॉइस बसला नाही त्यांचे शिक्षक काही कमी चांगले होते असे नव्हे. आपल्याकडे तर दहावीनंतर मुले शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरती राहतात आणि दिवसभर शिकवणी वर्गात बसतात. मागच्या वर्षी मी शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळा दुपारी तीनलाच बंद होती आणि नव्या डिजिटल वर्गात फळ्यावर लंबकाचे हलते चित्र दाखवले जात होते. चित्र सुंदर होते. बाईंच्या वेळचा लंबक खिळ्याला दोऱ्याने बांधलेला असे आणि आंदोलने मोजताना आमची नेहमी भांडणे होत.

बाई आता पुण्याला मुलाकडे असतात, वाचायला भिंग लागते, पण ग्रिनेलचे माजी विद्यार्थ्यांचे नियतकालिक मी नेऊन देतो ते त्या विभागांच्या बातम्यांपासून वाचायला सुरुवात करतात. त्यांच्या संमतीने मी समितीला एक प्रस्ताव पाठवला आहे. शाळेची प्रयोगशाळा रोज सायंकाळी आठपर्यंत उघडी ठेवावी, एका शिक्षकाला त्यासाठी स्वतंत्र मानधन द्यावे, आणि बारावीच्या मुलांना किल्लीच्या नोंदवहीत सही करून आत जाता यावे. मानधनाची आणि विजेच्या बिलाची पुढील दहा वर्षांची रक्कम मी शाळेच्या खात्यात भरतो. शिपाईमामांच्या जादा वेळेचे काय करायचे, ते मात्र समितीने ठरवावे.