आमची वाटचाल : संप मिटेपर्यंतचा धंदा

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दोन-तीन महिन्यांत मिटेल, असे चाळीत सारेच म्हणत आणि त्याच भरवशावर वाण्याची उधारी वाढत होती. एप्रिलमध्ये आईने भिशी उचलली, त्या पैशांतून बेडगी व संकेश्वरी मिरची, धणे आणि खडा मसाला आणला, गच्चीवर कडक ऊन दिले, भाजून डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून घेतला आणि शेजारणींना पावकिलोच्या पुड्यांतून विकला. आमच्या व्यवसायाची सुरुवात मी तिथूनच धरतो. आईने मात्र त्याला धंदा म्हटले नसते. "संप मिटेपर्यंत भागवते आहे," एवढेच ती म्हणे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि आईचे भागवणेही थांबले नाही.

नोंदणी न करता धंदा करणारा माणूस कर चुकवायला बसलेला असतो, असे व्यापाऱ्यांच्या बैठकांतून अनेकदा ऐकतो आणि मला त्याचे नवल वाटते. करपात्र होण्याइतके आमचे उत्पन्नच नव्हते. खोली पागडीची, भाडेपावती गावी राहणाऱ्या आजोबांच्या नावावर. गुमास्ता परवाना, म्हणजे दुकानाची सरकारी नोंदणी, कोणत्या कागदावर मागायचा? शिवाय पावसाळ्यात मसाला वाळत नाही, मिरची महागली की पुढचा घाणा लांबणीवर टाकता येतो, घरातले आजारपण सांभाळून काम होते. ही सवड पगारी नोकरीत नव्हती, आणि गिरणगावात तेव्हा नोकरी तरी कुठे होती? खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, पण आईला ती वाट ठाऊक नव्हती. तिने शेकडा पाचच्या मासिक व्याजाने पैसे उचलले आणि कित्येक वर्षे आमची निम्मी कमाई सावकाराकडेच गेली.

कागदाची किंमत आम्हाला 1997 मध्ये कळली. एका उपाहारगृहाने चाळीस किलो मालवणी मसाला नेला आणि पुढे पैसे देताना निम्मा माल ओला निघाला, असे सांगितले. बरणीच्या तोंडाशी हिंगाचे खडे ठेवून मी स्वतः भरलेला माल होता तो! पण बिल नव्हते, पोच नव्हती. तक्रार तरी कशाच्या आधारे करणार? पुढच्या वर्षी भाड्याने गाळा घेतला आणि गुमास्ता काढला. 2012 मध्ये अन्नसुरक्षा नोंदणी केली, तेव्हा लहान उत्पादकाला वर्षाला 100 रुपये शुल्क होते. शंभर रुपयांसाठी कोणी अडत नाही, अडते ते जागेच्या पुराव्यावर.

आज आमच्याकडे अकरा जणी काम करतात. त्यांतल्या एकीने घरी थालीपिठाची भाजणी करून व्हॉट्सअ‍ॅपवर विकायला सुरुवात केली आहे. नोंदणीचा अर्ज भरून देतो म्हणालो, तर "दिवाळीपर्यंत बघते, दादा," म्हणाली आणि आमची जुनी पितळी चाळण मागून घेऊन गेली.