कोरडी उबळ

काल रात्री जेवून तासभर झाल्यावर आमचा ग्रेट डेन कुत्रा मान खाली घालून पुन्हा पुन्हा उबळ देऊ लागला, पण फेसाळ लाळेखेरीज काहीच बाहेर पडले नाही. "अपचन असेल, सकाळी पाहू," असे मी म्हणालो, आणि ते वाक्य मला अजून टोचते आहे.

मुलीने त्याच्या बरगड्यांमागे हात ठेवला. "बाबा, पोट नगाऱ्यासारखे ताणले आहे."

आम्ही तत्काळ निघालो. एक्स-रेमध्ये जठर वायूने फुगलेले दिसले, पण त्याला पीळ पडलेला नव्हता, म्हणून नळीने वायू काढता आला. पीळ पडला असता, तर रक्तपुरवठा तुटून काही तासांतच त्याचा जीव गेला असता आणि तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून उपाय उरला नसता. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका अधिक असतो आणि तो वयाबरोबर वाढतो, हे मला ठाऊक होते. अस्वस्थ येरझाऱ्याही मी पाहिल्या होत्या. तरी उबळ येऊन काहीच न पडणे, ही सर्वांत मोठी खूण, मी किरकोळ मानली.

आता एका मोठ्या जेवणाऐवजी तीन लहान जेवणे, सावकाश खावे म्हणून आत उंचवटे असलेले भांडे आणि जेवणानंतर विश्रांती. जठर पोटाच्या भिंतीला शिवून ठेवण्याची शस्त्रक्रिया नसबंदीच्या वेळीच करता येते. तिने फुगणे थांबत नाही, पण पीळ बहुधा टळतो. हे मी त्याच्या लहानपणीच विचारायला हवे होते.

तुम्ही तुमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांना याबद्दल विचारले आहे का?