भूल देणारी नर्स व्हायचंय? पुण्यातून निघतानाचा हिशोब

बारावी सायन्स झालेली मुलगी किंवा मुलगा, शेजारी आई-वडील, आणि प्रश्न एकच : "नर्स होऊन पुढे भूल द्यायचं काम करता येतं म्हणे, अमेरिकेत त्याला फार मान आहे. मग आत्ता कुठे प्रवेश घ्यायचा?" पहिली चूक इथेच होते, आणि ती नंतर दुरुस्त करायला चार वर्षं लागतात. नावात 'अ‍ॅनेस्थेशिया' दिसतं म्हणून 'बी.एस्सी. अ‍ॅनेस्थेशिया अँड ओटी टेक्नॉलॉजी'ला प्रवेश घेतला जातो. तो कोर्स वाईट नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांचा उजवा हात ठरणारे तंत्रज्ञ त्यातून तयार होतात. पण ते नर्सिंग नव्हे. त्या पदवीवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, नोंदणी नाही म्हणजे परदेशातली नर्सची परीक्षा नाही, आणि ती परीक्षा नाही म्हणजे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचं दारच बंद. ज्याला या वाटेने जायचंय त्याने बी.एस्सी. नर्सिंगच करायचं.

दुसरी गोष्ट पालकांना स्पष्ट सांगायला हवी. भारतात भूल डॉक्टर देतात. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले भूलतज्ज्ञ. नर्सने स्वतः भूल द्यायची अशी मान्य जागा आपल्याकडे नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत, क्रिटिकल केअरचा आणि ऑपरेशन रूमचाही. दोन वर्षांचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा कोर्सही आहे आणि अभ्यास म्हणून तो भक्कम आहे. पण यांतल्या कशानेही स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार मिळत नाही. कुणी फी घेताना तसं सांगत असेल तर 'कौन्सिलचं पत्र दाखवा' म्हणायचं.

मग अमेरिकेची वाट. तिथे या पदाला सीआरएनए म्हणतात, सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट. पायऱ्या अशा : नर्सिंगची पदवी, एनसीएलएक्स-आरएन ही नर्सच्या लायसन्ससाठीची परीक्षा, तिथल्या राज्याचं लायसन्स, किमान एक वर्ष पूर्णवेळ क्रिटिकल केअरचा अनुभव, आणि मग कमीत कमी तीन वर्षांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम, ज्यात निदान २,००० तास प्रत्यक्ष क्लिनिकल काम असतं. शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, मास्टर्सवर आता भागत नाही. त्यामुळे इथून एम.एस्सी. नर्सिंग करून गेलं की वाट आखूड होते हा समज सोडून द्या. एम.एस्सी. शिकवण्यासाठी करा, आवडीच्या विषयासाठी करा, या कारणासाठी करू नका.

यातली सगळ्यांत महत्त्वाची अट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. तो क्रिटिकल केअरचा अनुभव अमेरिकेतल्या, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतल्या किंवा अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातल्या आयसीयूचाच धरला जातो. पुण्यातल्या आयसीयूत काढलेली पाच वर्षं त्या 'एक वर्षा'त मोजली जात नाहीत. ती वाया जातात असं मात्र नाही. तिथल्या आयसीयूत थेट जागा मिळवून देतात ती हीच वर्षं. पण मोजमाप तिथे गेल्यावर शून्यापासून सुरू होतं, हे आधीच धरून चालायचं.

आणि तिथे जायचं कसं, हा खरा अडसर. विद्यार्थी व्हिसावर डॉक्टरेटला जाता येईल असं वाटतं, पण त्याआधीचं आयसीयूचं वर्ष विद्यार्थी व्हिसावर होत नाही. साध्या स्टाफ नर्सच्या जागेला एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सहसा मिळत नाही. उरतं ते रुग्णालयाने प्रायोजित केलेलं ग्रीन कार्ड, ईबी-३ गटातलं, आणि भारतात जन्मलेल्यांची त्या गटातली रांग दहा वर्षांहून लांब गेली आहे. रांगेतली जागा ठरते ती मालकाने अर्ज दाखल केला त्या तारखेवरून. नर्ससाठी हा अर्ज दाखल करायला एनसीएलएक्स उत्तीर्ण असल्याचा किंवा त्याच्या तोडीचा पुरावा लागतो. म्हणजे एनसीएलएक्स एक वर्ष पुढे ढकललं की नंबरही एक वर्ष मागे जातो. 'आधी पाच वर्षं अनुभव घेऊ, मग परीक्षेचं बघू' हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण या वाटेवर तो महागात पडतो. नोंदणी झाली की पहिल्या वर्षभरात परीक्षा द्या, नोकरी चालू ठेवून.

परीक्षेचा खर्च असा : नोंदणीचे २०० डॉलर, भारतातल्या केंद्रावर द्यायची तर आणखी १५० डॉलर, शिवाय कागदपत्रांच्या पडताळणीचे आणि राज्याच्या अर्जाचे वेगळे. केंद्र मुंबईत आहे, विमानाने कुठे जायला नको. प्रश्न ८५ ते १५०, वेळ पाच तास, आणि उत्तरं जशी येतील तसा संगणक पुढचा प्रश्न निवडतो. पाठांतरावर निघत नाही. चार रुग्णांपैकी आधी कुणाकडे जाल, असं विचारतात.

परीक्षेपेक्षा जास्त जण कागदांत अडकतात. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. कौन्सिलच्या नोंदणीवर तिसराच क्रम. त्यात लग्न होऊन मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं की पडताळणी करणाऱ्या संस्थेला या तीन वेगळ्या बाया वाटतात. उपाय सोपा आहे पण वेळेत करायला हवा : पासपोर्ट पहिल्या-दुसऱ्या वर्षातच काढा, नाव गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि परीक्षा, लायसन्स, अर्ज हे सगळं होईपर्यंत नाव बदलू नका. बदललंच तर राजपत्राची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा.

ट्रान्सक्रिप्टचंही तसंच. तिथे नुसते गुण चालत नाहीत, प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे लागतात. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि मानसिक आरोग्य, चारही. कॅलिफोर्नियासारखं राज्य तर थिअरी आणि पोस्टिंग एकाच काळात झालं का हेही पाहतं. दुसऱ्या सेमिस्टरला शिकवलं आणि पोस्टिंग वर्षभराने झालं की हरकत निघते. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगचे तास सगळ्यांत जास्त वेळा कमी भरतात. म्हणून लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो, तारीख आणि सहीसकट, त्याच आठवड्यात काढून ठेवा. पदवी मिळून सहा वर्षांनी कॉलेजात जाल तेव्हा सही करणाऱ्या मॅडम बदललेल्या असतात. आणि नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे 'जमा' ठेवू नका, साक्षांकित प्रत द्या.

गुणांबद्दल थोडक्यात : शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, औषधशास्त्र, संख्याशास्त्र. हे चार विषय तिथल्या डॉक्टरेटची प्रवेश समिती वेगळे काढून बघते. ४ पैकी ३ च्या खालची सरासरी बहुतेक ठिकाणी चालत नाही.

आता आयसीयू. या वाटेचं सगळं सार इथे आहे, त्यामुळे थोडं थांबून बोलू. पुण्यात पहिली नोकरी निवडताना पगारातला हजार-दोन हजारांचा फरक बघू नका, खाटेवरचे रुग्ण कोण आहेत ते बघा. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन (रक्तदाब सतत मोजण्यासाठी धमनीत घातलेली नळी), एकाच वेळी दोन-तीन औषधांचे इन्फ्युजन पंप, असे रुग्ण रोज हाताखाली यायला हवेत. कार्डियाक सर्जरीचा किंवा मोठा मेडिकल-सर्जिकल आयसीयू उत्तम. कॅज्युअल्टी, रिकव्हरी रूम आणि खुद्द ऑपरेशन थिएटर हे ऐकायला भुलेच्या जवळचे वाटतात, पण क्रिटिकल केअरचा अनुभव म्हणून ते बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. तिथे पोस्टिंग मिळालं म्हणून खूश होऊन बसू नका.

आयसीयूत काय शिकायचं? नॉरॲड्रेनालिनचा, म्हणजे रक्तदाब वर धरून ठेवणाऱ्या औषधाचा, एक पंप घ्या. ४ मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. रुग्ण ६० किलोचा, डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६०, म्हणजे पंपावर ताशी ४.५ मिलिलिटर. हे गणित कागदाशिवाय यायला हवं. मग त्याच्या पुढचं : या वेगाने ती सिरिंज अकरा तासांत संपते. औषधाचा परिणाम दोन-चार मिनिटांत उतरतो, त्यामुळे बदलताना मध्ये खंड पडला की प्रेशर कोसळतं. म्हणून दुसरी सिरिंज आधी भरून दुसऱ्या पंपावर लावायची, लाइन पर्ज करून, म्हणजे नळी औषधाने भरून घेऊन, पंपातली ढिलाई काढायची, आणि मगच बदलायची. त्या ल्यूमेनमधून, म्हणजे नळीच्या त्याच मार्गातून, दुसरं कुठलंही इंजेक्शन ढकलायचं नाही, नाहीतर नळीतलं औषध एकदम आत जातं आणि प्रेशर क्षणात आभाळाला भिडतं. आणि अँप्यूल फोडण्याआधी लेबल वाचायचं : लिहिलेले मिलिग्रॅम क्षाराचे की मूळ औषधाचे? २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनालिन. इथे डोस सरळ दुप्पट किंवा निम्मा होतो.

तसंच आर्टेरियल लाइनचं. ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशर मोजणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीला हवा, चौथ्या बरगडीच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेवर. फिजिओथेरपिस्ट येऊन रुग्णाला टेकवून बसवतात, ट्रान्सड्यूसर स्टँडवर होता तिथेच राहतो, आणि हृदय वर जातं. दर १० सेंटिमीटरला प्रेशरमध्ये साधारण ७.५ मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडतो. ट्रान्सड्यूसर २० सेंटिमीटर खाली राहिला तर मॉनिटर सरासरी ७० दाखवेल, खरं प्रेशर ५५ असेल, आणि मूत्रपिंडं ते सोसत राहतील. मॉनिटरवरची प्रेशरची लाट बोथट दिसायला लागली तर बुडबुडा, गुठळी, मुडपलेली नळी, प्रेशर बॅग ३०० च्या खाली उतरलेली, या क्रमाने बघा. सीआरएनएच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात, आणि भूल देताना क्षणोक्षणी हेच करायचं असतं.

अमेरिकेत पोचल्यावर आयसीयूचं वर्ष भरत असतानाच सीसीआरएन ही क्रिटिकल केअर नर्सच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी. तिला मागच्या दोन वर्षांत १,७५० तासांचं थेट रुग्णसेवेचं काम लागतं. डॉक्टरेटच्या तीन वर्षांत नोकरी जवळजवळ करता येत नाही, आणि फी व राहणं धरून खर्च १ लाख डॉलरच्या वर सहज जातो. तेवढी गंगाजळी किंवा कर्जाची सोय तिथल्या आयसीयूच्या पगारातून आधी उभी करावी लागते. सगळं जमेला धरलं तर आज बारावी झालेल्या मुलीला सीआरएनए व्हायला चाळिशी उजाडू शकते. आकडा घरात मोठ्याने बोलून दाखवा, मग ठरवा.

ज्यांना तो आकडा पेलत नाही त्यांना माझा सल्ला जर्मनीकडे बघा असा आहे. तिथेही भूल डॉक्टरच देतात. पण नर्ससाठी 'आयसीयू आणि अ‍ॅनेस्थेशिया' असं दोन वर्षांचं अधिकृत विशेष प्रशिक्षण नोकरी करतानाच होतं, आणि मग थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या बरोबरीने उभं राहायचं काम मिळतं. नर्स म्हणून मान्यता मिळायला भाषेची साधारण बी-२ पातळी लागते. बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुलर भवनात तिसऱ्या वर्षापासून संध्याकाळचे वर्ग धरले तर पदवी आणि भाषा मागेपुढे हाती येतात. स्वीडनमध्ये नर्स खरोखर भूल देतात आणि त्यासाठीचं विशेष शिक्षण एक वर्षाचं आहे, मात्र तेही स्वीडिशमध्ये, आणि ती भाषा पुण्यात शिकणं जर्मनइतकं सोपं नाही.

पहिल्या वर्षाला असाल तर या आठवड्यात तीन कामं करा : पासपोर्टचा अर्ज, लॉगबुकच्या फोटोंचं वेगळं फोल्डर, आणि शरीरक्रियाशास्त्रातला रक्ताभिसरणाचा धडा पुन्हा पहिल्यापासून.