कोलोनचं कॅथेड्रल : 632 वर्षांचं बांधकाम

युरोपातलं कुठलंही मोठं, काळपट चर्च दिसलं की आपण ते 'मध्ययुगीन' म्हणून खात्यावर टाकतो आणि पुढे सरकतो. जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल यात चांगलंच चकवतं. पायाभरणी 15 ऑगस्ट 1248 ची, पण काम पुरं झालं 1880 मध्ये. ज्या दोन मनोऱ्यांचे फोटो सगळेजण माना मोडून काढत असतात, ते बव्हंशी 19 व्या शतकातले. चर्चला खेटून असलेलं रेल्वे स्टेशन 1859 चं. म्हणजे स्टेशन आधी, मनोरे नंतर!

माझी भाची आखनला इंजिनिअरिंग शिकते. कोलोन दाखवायला तीच घेऊन आली होती. मी मुख्य दाराकडे निघालो तर तिने मला दक्षिण मनोऱ्याच्या पायथ्याशीच थांबवलं. "मामा, वर नंतर बघ. आधी हा दगड बघ." काळवंडलेल्या दगडात पांढुरके, चपटे, चकचकीत तुकडे रुतलेले होते. काही नखाएवढे, काही बोटाच्या पेराएवढे. हा ट्रॅकाइट, ज्वालामुखीचा दगड, आणि ते तुकडे म्हणजे सॅनिडिनचे स्फटिक. राईन नदीच्या वरच्या अंगाला, बॉनच्या पुढे ड्राखनफेल्स नावाचा डोंगर आहे. तिथून दगड काढायचा, नावेत भरायचा आणि प्रवाहाबरोबर खाली कोलोनला आणायचा, असा सरळ हिशेब होता.

पुढे खाणकामामुळे त्या डोंगरावरचा पडका किल्लाच ढासळायला लागला. मग 1836 मध्ये प्रशियाच्या (तेव्हा हा मुलूख या जर्मन राज्याकडे होता) सरकारने तो भाग विकत घेऊन खाण बंद केली. सहा वर्षांनी चर्चचं काम पुन्हा निघालं तेव्हा हक्काचा दगड हातचा गेलेला. मग लांबून वालुकाश्म आणावा लागला. त्यातला श्लाइटडॉर्फचा दगड इतका हळवा निघाला, की आज दुरुस्तीवाल्यांना जास्त त्रास जुन्यापेक्षा या नव्या भागाचाच आहे.

एवढं मोठं चर्च कोलोनला हवं कशाला होतं? 1164 मध्ये इथल्या आर्चबिशपने, राइनाल्ड फोन डासेलने, मिलानहून तीन राजांचे अवशेष आणले. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आले म्हणतात, तेच हे तिघे. यात्रेकरूंची रीघ लागली आणि जुनं चर्च पुरेना. ते 1248 मध्ये जळालं आणि त्याच वर्षी आर्चबिशप कोनराडने नव्याचा पाया घातला. पहिला स्थपती मास्टर गेरहार्ड. त्याच्या डोळ्यांसमोर फ्रान्समधल्या आमिऑंचं कॅथेड्रल होतं. अवशेषांची सोन्याची पेटी आजही मुख्य वेदीमागे आहे. गर्दीमुळे मला तिची एक बाजू धड दिसली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पण त्या भागाचं, म्हणजे पूर्वेकडच्या 'क्वायर'चं, छत मात्र मनसोक्त बघितलं. उंची 43 मीटर. भिंती जवळपास नाहीतच, नुसते खांब आणि काचा. टोकदार कमानी छताचा भार खांबांवर आणतात. खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून बाहेरून तिरप्या कमानींचे टेकू दिले आहेत. भिंतीवर भार नाही, म्हणून तिथे काचा बसवता आल्या. आत जे हलकं वाटतं, त्याची सगळी ओढाताण बाहेर चाललेली असते.

क्वायर 1322 मध्ये पूर्ण झालं. पश्चिमेकडून एक तात्पुरती भिंत घालून ते वापरायला घेतलं. ही तात्पुरती भिंत उतरवली 1863 मध्ये! दरम्यान दक्षिण मनोरा पन्नासेक मीटरवर अडकला होता, उत्तरेचा तर जेमतेम जमिनीवर आला होता. पैसा आटला, उत्साहही आटला आणि 1560 मध्ये काम थांबलं ते पावणेतीनशेहून जास्त वर्षं. अर्ध्या मनोऱ्याच्या माथ्यावर दगड उचलायची लाकडी क्रेन तशीच उभी राहिली. जुन्या चित्रांत कोलोन ओळखायची खूण हीच, ती क्रेन. कितीतरी पिढ्या तिच्याखाली जन्मल्या आणि गेल्या. ती उतरवली 1868 मध्ये.

मग पुढचं काम नेमकं कशावरून केलं? या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. पश्चिम दर्शनी बाजूचा, चामड्यावर काढलेला मूळ नकाशा फ्रेंच आक्रमणाच्या धामधुमीत गहाळ झाला होता. त्याचा अर्धा भाग 1814 मध्ये डार्मश्टाटच्या एका खानावळीच्या माळ्यावर सापडला. त्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या, असं सांगतात. दुसरा अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये, झुलपिट्स ब्वासरे या कलासंग्राहकाला मिळाला. चारेक मीटर उंचीचा तो जोडलेला नकाशा चर्चमधल्याच एका चॅपेलमध्ये ठेवला आहे. त्यावरच्या बारीक रेघा बघितल्या आणि मग बाहेर येऊन मनोरे बघितले. रेघ न् रेघ उतरली आहे.

1842 मध्ये दुसऱ्यांदा पायाभरणी केली प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याने. राजा प्रोटेस्टंट, शहर कॅथलिक. धर्मापेक्षा जर्मन अस्मितेचाच मामला जास्त. काही पैसा सरकारचा, काही नागरिकांच्या संस्थेचा; पुढे तर चक्क लॉटरी काढली. रूप मध्ययुगाचं ठेवलं, पण छताचा सांगाडा लाकडाऐवजी लोखंडाचा केला. आणि 1880 च्या सोहळ्याला जर्मनीचा सम्राट हजर, आर्चबिशप मात्र गैरहजर: कॅथलिक धर्मसंस्था आणि सरकार यांच्या भांडणात तो देशाबाहेर पळाला होता. ज्याचं चर्च तोच नाही! पूर्ण झालं तेव्हा 157 मीटर उंचीची ही जगातली सर्वांत उंच वास्तू होती. चारच वर्षांत वॉशिंग्टनच्या स्मारकाने तो मान घेतला.

मनोरा चढायला 533 पायऱ्या. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद गोल जिन्यात, त्यामुळे दर वळणावर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गुडघे कुरकुरत असतील तर निम्म्यावर 24 टनांची घंटा बघून खाली या. वरच्या जाळीतून दिसणाऱ्या राईनपेक्षा मला ती घंटाच जास्त भावली. भाचीचं मत वेगळं आहे.

दुसऱ्या महायुद्धात शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. चर्चवर 14 मोठे बॉम्ब पडले, तरी ते तगलं. उत्तर मनोऱ्याला पडलेलं खिंडार 1943 मध्ये घाईने विटांनी बुजवलं होतं. ते लाल ठिगळ अनेक वर्षं दिसत होतं, 2005 मध्ये दगडाने झाकलं. मला विचाराल तर उघडं ठेवायला हवं होतं.

काचाही बऱ्याच गेल्या. दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीत साधी काच होती, तिथे 2007 मध्ये गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने 72 रंगांचे 11 हजारांहून अधिक चौकोन बसवले. संत नाहीत, प्रसंग नाहीत, रंगांची जागासुद्धा बरीचशी कॉम्प्युटरने ठरवलेली. इथले तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल माइस्नर भडकले. ही खिडकी मशिदीत जास्त शोभली असती, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही दुपारी आत होतो तेव्हा ऊन नेमकं तिथूनच येत होतं आणि खाली एक लहान मुलगा फरशीवरच्या हिरव्या-निळ्या चौकोनांवर उड्या मारत होता. त्याची आई त्याला दटावत होती. खिडकीच्या बाबतीत मी त्या मुलाच्या बाजूने आहे.