आमची वाटचाल : सांडपाण्याचा खरा आकडा शिकताना

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी इचलकरंजीत पाणी आणि सांडपाणी तपासण्याची छोटी प्रयोगशाळा काढली, तेव्हा भाड्याच्या दोन खोल्या, चार ब्युरेट, एक पीएच मीटर आणि एक जुना इन्क्युबेटर एवढेच आमचे भांडवल होते. कॉलेजात अनुमापन (टायट्रेशन) शेकडो वेळा केलेले असल्यामुळे हे काम आपल्याला येते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण कॉलेजातल्या द्रावणात काय आहे हे ते तयार करणाऱ्याला ठाऊक असते. प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, गटारातून भरून आणलेल्या कॅनमध्ये काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. या एका फरकाने आम्हाला पुढची कित्येक वर्षे शिकवले.

सुरुवातीला बोअरच्या पाण्याचे नमुने जास्त येत. कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट या चाचण्या लवकर हातात बसल्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि त्यात सवलतही नाही, हे गावकऱ्यांना समजावून सांगणे चाचणीपेक्षा अवघड जाई.

खरी परीक्षा सीओडीने, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या चाचणीने, घेतली. या चाचणीत नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजून सेंद्रिय पदार्थांना किती ऑक्सिजन लागला ते काढतात. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाईत भरपूर मीठ घालतात, ते सगळे सांडपाण्यात उतरते, आणि क्लोराइडही डायक्रोमेट खाते. लिटरला 2000 मिलिग्रॅम क्लोराइड असेल आणि ते अडवले नाही, तर सीओडीचा आकडा लिटरला 450 मिलिग्रॅमपर्यंत उगाच जास्त दिसू शकतो; सांडपाणी नदीनाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादाच 250 आहे. क्लोराइड अडवण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार घालतात, हे मला पाठ होते. ते किती घालायचे, याचा विचार मात्र मी केला नव्हता. वीस मिलिलिटर नमुन्याला 0.4 ग्रॅम, असा ठरलेला चमचा आम्ही प्रत्येक फ्लास्कमध्ये टाकत होतो; तो लिटरला 2000 मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच पुरतो.

एके दिवशी एका प्रोसेस हाउसचे मालक आमचा रिपोर्ट घेऊन आले. दुसरीकडे याच पाण्याचा आकडा आमच्या निम्म्याने आला होता. राखून ठेवलेला नमुना त्यांच्यासमोरच पुन्हा लावला. सिल्व्हर सल्फेट असलेले आम्ल ओतताच फ्लास्कमध्ये दुधासारखा पांढरा गढूळपणा आला. तो सिल्व्हर क्लोराइडचा साका होता, म्हणजे क्लोराइड पुरते अडवले गेले नव्हते, आणि याआधीही अनेकदा दिसला असूनही मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. क्लोराइड मोजले तर ते 4000 च्या वर निघाले, म्हणजे आमच्या चमच्याच्या आवाक्याच्या दुपटीहून अधिक. आम्ही रिपोर्ट मागे घेतला, चूक लेखी कळवली आणि फी परत केली. तेव्हापासून आमच्याकडे क्लोराइड मोजल्याशिवाय आणि गरजेप्रमाणे नमुना विरल केल्याशिवाय सीओडी लावला जात नाही. प्रत्येक गटाबरोबर एक ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी) आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचे एक द्रावण चालवतो. ते लिटरला 425 मिलिग्रॅमचे केले की सीओडी 500 यायला हवा. तो आला नाही, तर त्या दिवशी एकही रिपोर्ट बाहेर जात नाही.

बीओडी, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, शिकायला त्याहून वेळ लागला, कारण तेथे काम जिवाणू करतात आणि त्यांना तीन दिवस 27 अंश तापमान सलग लागते. रात्री वीज गेली की पूर्ण गट वाया जाई. पहिल्या वर्षीच्या कमाईतून आम्ही सर्वांत आधी इन्व्हर्टर घेतला. नमुना आणणाऱ्या मुलांना बाटली काठोकाठ भरून बुडबुडा न राहू देता बूच कसे लावायचे, हे नदीवर नेऊन शिकवले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक मामा आमच्याकडे आले. काचेवर पाण्याचा पातळ थर सलग पसरतो की थेंब धरतात, एवढे पाहून भांडे स्वच्छ आहे की नाही ते सांगत. ते सर्वांनी त्यांच्याकडून शिकून घेतले.

‘आकडा थोडा खाली आणा’ असे सांगणारे ग्राहकही भेटले. त्यांतले काही परत आले नाहीत, आणि त्या महिन्यांचे भाडे भागवताना जीव मेटाकुटीला आला. तरीही मोजणीचे आकडे लिहायची आमची कच्ची वही आजही जशीच्या तशी ठेवली आहे. ब्युरेटचा एकही आकडा त्यात पुसलेला नाही.

सीओडीच्या फ्लास्कमधले उरलेले द्रव वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे देतो, कारण त्यात पारा असतो आणि आमच्या बेसिनचे पाणीही शेवटी पंचगंगेकडेच जाते. आता बंद नळीच्या पद्धतीने अडीच मिलिलिटर नमुन्यात काम भागते, त्यामुळे पाराही कितीतरी कमी लागतो. गेल्या महिन्यात रुजू झालेली नवी मुलगी सध्या हीच पद्धत शिकते आहे. तिचे थॅलेटचे आकडे काल 488, 503 आणि 531 आले. तिसरा का हुकला, ते शोधत ती आज सकाळपासून पिपेट तपासते आहे.