हप्ते थकले तर कोर्टात आधी कोणी जायचं?

न्यू जर्सीत घराचे हप्ते थकले, तरी बँकेला घरावर हात टाकण्याआधी कोर्टात जावं लागतं. मुंबईत बँक कोर्टात दावा न लावता थेट ताब्याची कारवाई सुरू करू शकते, आणि दाद मागायला धावायचं ते कर्जदाराने. हा फरक ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे लोक हातातला मोलाचा वेळ घालवतात, म्हणून हे लिहितेय.

इथे अमेरिकेत हप्ता थकून 120 दिवस उलटेपर्यंत जप्तीचा दावाच लावता येत नाही. हा केंद्राचा नियम 2014 पासूनचा. न्यू जर्सीत त्याशिवाय दाव्याच्या किमान 30 दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. दावा लागला की उत्तर द्यायला 35 दिवस. शेवटी शेरिफचा, म्हणजे स्थानिक सरकारी अधिकाऱ्याने केलेला, लिलाव, आणि त्यानंतरही 10 दिवसांत सगळे पैसे भरून घर सोडवता येतं.

असे नियम सहजासहजी आले नाहीत. बड्या बँकांची माणसं कागद न वाचताच जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर ढिगाने सह्या करत होती, हे 2010 मध्ये उघड झालं. कर्ज एकाने दिलेलं, मग ते दुसऱ्याला विकलेलं, हप्ते गोळा करणारी कंपनी तिसरीच. मूळ कागद कुणाकडे, हे कोर्टात धड सांगता येईना. 2012 मध्ये हप्ते गोळा करणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांना केंद्र सरकार आणि 49 राज्यांशी 25 अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंचं घर या नियमांमुळेच वाचलं. काकांची नोकरी गेली, हप्ते राहिले. कंपनी एकीकडे म्हणायची, ‘कागद पाठवा, हप्ता कमी करून देतो,’ आणि दुसरीकडे लिलावाची तयारी चालू. काकू सरकारमान्य गृहसल्लागाराकडे गेल्या. तो सल्ला फुकट मिळतो. पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, करविवरणं असा पूर्ण अर्ज त्यांनी एकदम पाठवला आणि पोच जपून ठेवली. लिलावाला 37 दिवसांहून जास्त अवधी असताना पूर्ण अर्ज पोचला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत कंपनीला लिलाव करता येत नाही. शेवटी मुदत वाढली, हप्ता उतरला. कंपनीची टाळाटाळ संतापजनक होतीच, पण काकूंनी एकही पत्र अनुत्तरित ठेवलं नाही, हेही तितकंच खरं.

याच सुमारास बोरिवलीहून मावसभावाचा फोन आला. दादा म्हणाला, “अगं, बँकेची साठ दिवसांची नोटीस आलीय. घाबरवायला पाठवतात गं, बघू पुढे.” मी म्हटलं, “दादा, बघू नकोस. आजच उत्तर लिहायला बस.”

आपल्याकडे 90 दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. मग बँकेला कोर्टात न जाता वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खाली 60 दिवसांची नोटीस येते. या मुदतीत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते: व्याजाचा हिशेब चुकलाय, भरलेला हप्ता जमा दाखवलेला नाही, दंड जास्त लावलाय. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. हे बँकेवरचं बंधन आहे, मेहरबानी नव्हे. आणि मुद्दल-व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या 20 टक्क्यांहून कमी देणं उरलं असेल, तर हा कायदा वापरताच येत नाही. दादाच्या हिशेबात दंडाची रक्कम खटकत होती, तीच त्याने मांडली.

या टप्प्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही. बँकेने ताब्याचं पाऊल उचललं की तिथे अर्ज करायला 45 दिवस मिळतात. लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात आली, की 2016 च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून घर सोडवण्याचा हक्कही संपतो; सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. न्यू जर्सीत लिलावानंतर 10 दिवस, आपल्याकडे जाहिरातीच्या दिवशीच दार बंद. मला हे फार कठोर वाटतं. घर विकूनही कर्ज फिटलं नाही, तर उरलेली रक्कम बँक मागू शकते, आणि जामीनदार असेल तर त्याच्याकडेही.

परदेशात राहणाऱ्यांना धोका जास्त. ठाण्यात, डोंबिवलीत घेतलेला फ्लॅट बंद, हप्ता खात्यातून परस्पर जातोय असं समजून आपण निश्चिंत; आणि नोटीस त्याच बंद दाराला चिकटलेली. बँकेकडे इथला पत्ता आणि ईमेल लेखी नोंदवा, त्याची पोच घ्या. मुंबईतल्या विश्वासातल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांगून ठेवा, की बँकेचं काहीही आलं तर त्याच दिवशी फोटो पाठवा.