कुलूपबंद कपाट आणि ‘संच 1’

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, यावर शिक्षकांच्या प्रशिक्षणांत पुष्कळ ऐकायला मिळते; मात्र शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कशी मिळवावी, हे तिथे कोणी सांगत नाही. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझी बरीचशी शक्ती त्या किल्लीवरच खर्च झाली आणि तो वैताग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पुस्तके आमच्याकडे नव्हती असे नाही. समग्र शिक्षा अभियानाच्या ग्रंथालय अनुदानातून आलेली चांगली चित्रमय पुस्तके कपाटात होती. दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, वाचन प्रेरणा दिनासाठी ती टेबलावर मांडली जात, मुलांसह छायाचित्र निघे, ते वर पाठवले जाई आणि पुस्तके पुन्हा आत जात. पुढे ग्रंथालयाचा चार्ज असलेल्या शिक्षकांची बदली झाली आणि तेवढेही थांबले, कारण जडसंग्रह नोंदवहीतला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीतला, आकडा आणि कपाटातली पुस्तके यांचा मेळ बसेना.

मेळ न बसण्याचे कारण मी स्वतः नोंदवही उघडली तेव्हा कळले. एका ओळीत नुसते ‘गोष्टींची पुस्तके, संच 1’ असे लिहिले होते. संचात पुस्तके किती, त्यांची नावे काय, याचा पत्ता नव्हता. चार्ज देणाऱ्यांच्या मते तो एक नग होता आणि घेणाऱ्यांच्या मते त्यातले प्रत्येक पुस्तक वेगळे दाखवायला हवे होते. सही कोणीच करेना. मुख्याध्यापकांना विचारले, तर ते म्हणाले, “मॅडम, एखादं पुस्तक कमी निघालं तर ऑडिटला उत्तर कोण देणार?” केंद्रप्रमुखांनी लेखी मागितले, लेखी दिले, तर ते मुख्याध्यापकांमार्फत यायला हवे होते, असे सांगण्यात आले, मुख्याध्यापकांमार्फत पाठवले, तर तालुक्याहून ‘मार्गदर्शन मागवले आहे’ असा निरोप आला आणि त्यानंतर पावसाळा संपला तरी कोणाचे काही आले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते पान अर्जाला जोडले होते, पण कोणी वाचले असेल असे वाटत नाही. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडला. आमच्याकडे मात्र ती मोजण्यासाठीच होती.

शेवटी मार्ग शाळा व्यवस्थापन समितीतून निघाला. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, हे बहुतेक शिक्षक जाणतात आणि विसरतात. मी विषय बैठकीच्या अजेंड्यावर लिहून घेतला. सगळे ऐकून घेतल्यावर एका आईने विचारले, “पुस्तकं पोरांची हायेत, मग पोरांनी वाचायची न्हाईत तर कुणी?” यावर मुख्याध्यापकांजवळ उत्तर नव्हते, आणि मला त्यांची जराही दया आली नाही. ठराव झाला, सर्वांसमक्ष कपाट उघडले, प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देऊन नवी यादी केली आणि फाटक्या पुस्तकांची वेगळी यादी सह्यांनिशी जोडली. फाटक्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव अजून वरच आहे. त्यासाठी वाचन थांबवू नये.

किल्ली मिळेपर्यंत काय करावे, हे आधी सांगायला हवे होते. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर वाचनाच्या पातळीनुसार मराठी गोष्टी छापून घेता येतात. मी त्यांचे कागद वर्गात दोरीला टांगत असे. देवघेवीची वही चौथीची मुलेच लिहितात. पुस्तक परत आले की सारांश किंवा तात्पर्य मी मुळीच विचारत नाही. पहिल्या आठवड्यात विचारणाऱ्या सहकाऱ्यांच्या वर्गातली मुले पुस्तक घ्यायलाच येईनाशी झाली.

लेखन त्यामागून आपोआप आले, फारसे काही करावे लागले नाही. ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय मी बंद केला आणि काल घरी जे घडले ते लिहा, असे सांगितले. एका मुलाने लिहिले, “म्हैस आजारी व्हती. बापू रातभर गोठ्यात बसला. त्यानं तिला तिचं नाव धा येळा सांगितलं.” शाळाभेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याखाली ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारला. मी तो मजकूर जसाच्या तसा वर्गाच्या हस्तलिखितात पहिल्या पानावर घेतला; प्रमाण भाषेतले रूप मुलाने स्वतः नंतर वेगळ्या कागदावर केले. लाल शाई हस्तलिखिताला लागू द्यायची नाही, हे आता वर्गात सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक आठवले. नवी पुस्तके आली की नोंदवहीत ‘संच’ हा शब्द कोणालाही लिहू देऊ नका. प्रत्येक पुस्तकाचे नाव, किंमत आणि दाखल क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या आणि यादीची एक प्रत समितीच्या इतिवृत्तात चिकटवा. माझी बदली होईल तेव्हा चार्ज द्यायला मला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणार नाही.